विंडोज, मॅक, लिनक्स आणि फोन: घरातल्या घरात फायली शेअर करण्याची पक्की व्यवस्था

ऑफिसचा विंडोज लॅपटॉप, कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा मॅकबुक, कोपऱ्यात पडून असलेला जुना डेस्कटॉप आणि माणशी एक फोन. आज बऱ्याच घरांत एवढी सामग्री असते, सगळं एकाच वायफायवर असतं, आणि तरीही लग्नाचे फोटो इकडून तिकडे न्यायचे तर पेन ड्राइव्ह शोधावा लागतो. नाहीतर माणूस स्वतःलाच व्हॉट्सॲप करतो, त्यात फोटो दाबून लहान होतो आणि मूळ प्रत कुठल्या यंत्रात राहिली हे चार महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. हे सगळं टाळता येतं, पैसे न घालता. एक मोकळी दुपार काढा आणि खालच्या क्रमाने जा.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. पहिली: प्रत्येक यंत्राने प्रत्येकाशी शेअर करायचं नाही. घरातलं एकच यंत्र यजमान करायचं, फायली तिथे ठेवायच्या आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे जायचं. चार यंत्रं एकमेकांना जोडायची म्हटली तर बारा दिशांच्या परवानग्या सांभाळाव्या लागतात. यजमान एक असला की तीन. दुसरी: नेटवर्कवर यंत्र दिसणं आणि त्यातली फाइल उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत, वेगवेगळ्या यंत्रणा ती करतात. 'नेटवर्क'च्या यादीत नाव दिसत नाही म्हणून लोक तासन्‌तास सेटिंग बदलत बसतात. यादी सोडून द्या, थेट पत्ता टाइप करून जा. नव्वद टक्के त्रास तिथेच संपतो असं माझं ठाम मत आहे.

नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची, सगळ्यांना समजणारी पद्धत एकच, एसएमबी. विंडोजची ती घरचीच. ॲपलने 2013 साली मॅव्हरिक्स आवृत्तीपासून मॅकची मुख्य पद्धत म्हणून तीच घेतली. लिनक्सवर सांबा नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे काम करतं. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ते लिहायला घेतलं आणि आजही त्यावर काम चालू आहे. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये 2019च्या आयओएस 13पासून एसएमबी आलं. अँड्रॉइडवर एखादं चांगलं फाइल मॅनेजर ॲप घातलं की झालं.

यजमान कुणाला करायचं?

जो दिवसभर चालू राहू शकतो, जागचा हलत नाही आणि ज्याला केबल लावता येते, त्याला. लॅपटॉप या कामाला बरा नाही. तो मिटला की घरादाराच्या फायली बंद.

जुना डेस्कटॉप यासाठी उत्तम. विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला आणि विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असूनही पुढे न जाऊ शकणारी कितीतरी यंत्रं घरोघर आहेत. त्यावर लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम घाला. चार जीबी रॅम आणि एक बरी हार्ड डिस्क एवढ्यावर फायलींचं यजमानपद आरामात निभतं. आधी त्यातल्या जुन्या फायली दुसरीकडे काढून ठेवा, कारण नवीन सिस्टिम घालताना डिस्क पुसली जाते.

आधी नेटवर्क एकच आहे ना, ते बघा

ही पायरी बहुतेक लेखांत नसते, आणि आपल्याकडच्या घरांत घोळ इथेच होतो. फायबरचं कनेक्शन देणारा माणूस भिंतीवर एक डबा लावून जातो. त्या डब्याला स्वतःचं वायफाय असतं. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण बाजारातून राउटर आणतो आणि केबलने त्या डब्याला जोडतो. आता घरात दोन नेटवर्कं झाली, एकाच्या पोटात दुसरं. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण डब्याच्या वायफायवर असलेला लॅपटॉप राउटरला जोडलेल्या डेस्कटॉपपर्यंत पोचू शकत नाही.

तपासायचं कसं? प्रत्येक यंत्राचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधली त्याची आकड्यांची ओळख, बघा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग चालू कनेक्शनचे प्रॉपर्टीज. मॅकमध्ये सिस्टिम सेटिंग्ज, वायफाय, नेटवर्कच्या नावापुढचं डिटेल्स. मिंटमध्ये नेटवर्क सेटिंग्ज. फोनमध्ये वायफायच्या नावावर दाबल्यावर तपशिलात. घरगुती नेटवर्कमध्ये पत्त्याचे पहिले तीन आकडे सगळीकडे सारखे असायला हवेत. एकीकडे 192.168.1.7 आणि दुसरीकडे 192.168.0.12 दिसलं तर तुमच्या घरात दोन नेटवर्कं आहेत असं समजा.

उपाय असा: तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो चालू करा. नसेल तर त्या राउटरमधलं डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम, बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता डब्याच्या पत्त्याशी टक्कर होणार नाही असा, पण त्याच मालिकेतला ठेवा, आणि डब्याकडून येणारी केबल त्याच्या वॅन पोर्टमधून काढून लॅन पोर्टमध्ये घाला. आता पत्ते वाटणारा एकच डबा उरला. सगळी यंत्रं एकदा बंद करून चालू करा आणि पत्ते पुन्हा बघा.

आणखी दोन ठिकाणी पाय अडकतो. पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' वायफायवर असलेल्या यंत्राला बाकीची यंत्रं मुद्दामच दिसू दिली जात नाहीत. यजमान किंवा लॅपटॉप त्यावर नसावा. काही राउटरांत 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' नावाचा पर्याय असतो. तो चालू असेल तर वायफायवरची यंत्रं एकमेकांशी बोलू शकत नाहीत. तो बंद करा.

आता यजमानाचा पत्ता पक्का करा. राउटर दर वेळी नवा पत्ता देऊ शकतो, आणि मग काल चालणारी जोडणी आज चालत नाही. राउटरच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक डीएचसीपी' शोधा, यादीतून डेस्कटॉप निवडा आणि त्याला कायमचा पत्ता द्या. पुढे मी 192.168.1.50 धरून चालतो.

लिनक्स मिंटला यजमान करणं

मिंट घालताना युजरचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत 'घर' (ghar) ठेवा. कुटुंबातले सगळे याच नावाने जोडले जाणार आहेत. प्रत्येकाला वेगळं खातं देता येतं, पण मग फाइल एकाच्या मालकीची होते आणि दुसऱ्याला ती बदलता येत नाही, अशा तक्रारी सुरू होतात. घरापुरतं एक सामायिक खातं पुरतं. जे खाजगी आहे ते इथे ठेवूच नये.

त्या खात्यात लॉगिन करून होम फोल्डरमध्ये 'सामायिक' या अर्थाचा एक फोल्डर इंग्रजी अक्षरांत करा. त्यावर उजवं क्लिक केलं की 'शेअरिंग ऑप्शन्स' येतं. सांबा आधी घातलेलं नसेल तर मिंट ते घालायचं का विचारेल. हो म्हणा आणि एकदा यंत्र रीस्टार्ट करा. मग तीच खिडकी पुन्हा उघडा. 'शेअर धिस फोल्डर'वर खूण करा. शेअरचं नाव छोटं, इंग्रजी, मधे जागा न सोडता. इतरांना फायली घालू-काढू देणाऱ्या चौकटीत खूण करा. त्याखालची 'गेस्ट ॲक्सेस'ची चौकट मात्र कोरीच ठेवा. का ते पुढे येईल.

परवानगी नसल्याचा संदेश आला तर 'युजर्स अँड ग्रुप्स' उघडून तुमचं खातं 'सांबाशेअर' या ग्रुपमध्ये आहे का ते बघा. नसेल तर घाला, लॉगआउट करून परत या.

यानंतरची पायरी हमखास राहून जाते. सांबाची पासवर्डची वही वेगळी असते. लिनक्समध्ये लॉगिन करायचा पासवर्ड तिला माहीत नसतो. तो एकदा नोंदवावा लागतो आणि त्यासाठी टर्मिनल उघडावंच लागतं. आज्ञा छोटी आहे, सगळी इंग्रजी लहान अक्षरांत: आधी 'सुडो', मग एक जागा सोडून एस-एम-बी-पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी हे सलग, मग जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून ए, मग पुन्हा जागा सोडून युजरचं नाव. एंटर दाबल्यावर आधी लिनक्सचा पासवर्ड मागेल, मग नवा सांबा पासवर्ड दोनदा. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते तसंच असतं. पासवर्ड लांब ठेवा. एकेका यंत्रावर तो एकदाच टाकायचा आहे.

मिंटमध्ये फायरवॉल सहसा बंद असते. तुम्ही चालू केली असेल तर तिच्या यादीत सांबाला परवानगी द्या. पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन 'सस्पेंड' कधीच होऊ नये असं ठरवा. मॉनिटर बंद झाला तरी हरकत नाही. वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर बायोसमध्येही, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, एक गोष्ट करा: वीज परत आल्यावर यंत्र आपोआप चालू व्हावं असा पर्याय बहुतेक डेस्कटॉपमध्ये असतो. सांबा लॉगिनची वाट बघत नाही, यंत्र चालू झालं की तेही चालू होतं. फायली बाहेरच्या यूएसबी डिस्कवर असतील तर मात्र 'डिस्क्स' या ॲपमध्ये त्या डिस्कच्या माउंट ऑप्शन्समध्ये जाऊन ती यंत्र सुरू होतानाच जोडली जाईल असं करा, नाहीतर कुणीतरी लॉगिन करेपर्यंत फोल्डर रिकामा दिसेल. इन्व्हर्टरवर राउटर आणि यजमान दोन्ही घेता आले तर उत्तम. फाइल लिहिली जात असताना वीज गेली की ती फाइल अर्धवट राहते.

बाकीच्या यंत्रांवरून जोडणं

विंडोज: फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे यजमानाचा पत्ता लिहा, म्हणजे \\192.168.1.50 असं, आणि एंटर. नाव आणि पासवर्ड मागेल. इथे विंडोजचा पिन किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड टाकायचा नाही. यजमानावरचं 'घर' हे खातं आणि त्याचा सांबा पासवर्ड टाकायचा. लक्षात ठेवण्याच्या चौकटीवर खूण करा. फोल्डर दिसला की त्यावर उजवं क्लिक करून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडा, एखादं अक्षर द्या. आता तो सी-डी ड्राइव्हच्या रांगेत बसला, घरातल्या ज्येष्ठांनाही काही नवं शिकावं लागत नाही.

मॅक: फाइंडरमध्ये कमांड आणि के एकत्र दाबा. आलेल्या खिडकीत एसएमबी, विसर्गासारखी दोन टिंबं, दोन सरळ तिरक्या रेघा आणि पत्ता, म्हणजे smb://192.168.1.50 असं. अधिक चिन्ह दाबून तो आवडत्यांत ठेवा, पासवर्ड कीचेनमध्ये जतन करा. दर वेळी आपोआप जोडला जावा असं वाटत असेल तर सिस्टिम सेटिंग्जमधल्या लॉगिन आयटम्सच्या यादीत तो फोल्डर घाला. फोटोज ॲपची लायब्ररी मात्र या फोल्डरवर हलवू नका. ती मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या, थेट जोडलेल्या डिस्कवरच राहायला हवी. फोटो निर्यात करून त्यांच्या प्रती ठेवा.

दुसरं लिनक्स यंत्र असेल तर फाइल मॅनेजरच्या पत्त्यात मॅकसारखंच लिहा आणि बुकमार्क करा.

फोन: आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये 'ब्राउझ'च्या पानावर वरच्या तीन टिंबांत 'कनेक्ट टू सर्व्हर' आहे. अँड्रॉइडवर मटेरियल फाइल्स, सॉलिड एक्सप्लोरर अशी ॲप एसएमबी जाणतात. त्यात नवीन सर्व्हर जोडून तोच पत्ता, तेच नाव, तोच पासवर्ड. नुसते व्हिडिओ बघायचे असतील तर व्हीएलसी थेट यजमानावरून चालवतं. आयफोनवर एखाद्या ॲपला काहीच दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये 'लोकल नेटवर्क'ची परवानगी नाकारली गेलेली असते, ती द्या.

एखाददुसरी फाइल पटकन या फोनवरून त्या लॅपटॉपवर द्यायची असेल, तर त्यासाठी एवढा खटाटोप नको. लोकलसेंड हे मोफत ॲप विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळ्यांवर चालतं आणि त्याच वायफायवर थेट पाठवतं. घरात दोन्ही ठेवावीत: रोजची देवाणघेवाण लोकलसेंडने, साठवण यजमानावर.

विंडोज किंवा मॅकच यजमान असेल तर

घरात विंडोज 11चा डेस्कटॉप दिवसभर चालू असेल तर तोही चालेल. आधी चालू नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' करा. 'पब्लिक' असताना विंडोज बाहेरच्यांना दार उघडत नाही. मग ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये प्रायव्हेटखाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालूच राहू द्या.

यानंतर 'घर' नावाचं स्थानिक खातं करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, ॲड अकाउंट. मग 'या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही' अशा अर्थाचा दुवा, आणि 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय' हा पर्याय. हे का करायचं? तुम्ही रोज पिनने किंवा चेहरा दाखवून आत जाता, पण पिन त्या यंत्रापुरताच असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. आणि पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून येऊच देत नाही. 'पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा या दोनपैकी एक कारण असतं. स्थानिक खात्याने दोन्ही सुटतात.

फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये नको. तिथे बऱ्याचदा वनड्राइव्ह येऊन बसलेलं असतं आणि फाइल खरोखर डिस्कवर आहे की ढगात हे कळत नाही. डी ड्राइव्हवर नवा फोल्डर करा, प्रॉपर्टीजमधल्या शेअरिंग टॅबवरचं 'शेअर' बटण दाबा, 'घर' हे नाव घाला आणि 'रीड/राइट' द्या. शेजारचं 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग' वापरलंत तर एक ध्यानात ठेवा: शेअरची परवानगी आणि सिक्युरिटी टॅबमधली डिस्कची परवानगी या दोन वेगळ्या आहेत, आणि दोहोंत जी जास्त कडक तीच लागू होते. एकीकडे सगळं मोकळं सोडून दुसरीकडे विसरलात तर फाइल दिसते पण जतन होत नाही.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, फाइल शेअरिंग. फोल्डर घातल्यावर 'ऑप्शन्स'मध्ये जा आणि 'विंडोज फाइल शेअरिंग'खाली खात्याच्या नावापुढे खूण करून पासवर्ड द्या. ही खूण राहिली की मॅकला मॅक जोडला जातो आणि विंडोज मात्र बाहेरच राहतो.

इंटरनेटवर मिळणारे दोन सल्ले, जे मानू नयेत

जोडणी जमली नाही की शोधाशोध होते आणि जुन्या पानांवर एक सल्ला हमखास सापडतो: विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी 1 चालू करा. करू नका. मे 2017मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरातली यंत्रं कुलूपबंद केली, ब्रिटनच्या रुग्णालयांचं कामकाज कोलमडलं, ते याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. त्याच वर्षी विंडोज 10च्या पुढच्या आवृत्तीपासून नव्या यंत्रावर ती घालणंच मायक्रोसॉफ्टने बंद केलं. सांबानेही 2019मध्ये 4.11 आवृत्तीत ती मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवली. एखादं यंत्र एसएमबी 1शिवाय बोलतच नसेल तर ते यंत्र बदला. राउटरच्या मागे यूएसबी पोर्ट असतो, त्यात डिस्क लावून शेअर करायचा मोह होतो. जुन्या राउटरांत आत एसएमबी 1च असतं, म्हणून नव्या विंडोजला ती डिस्क दिसत नाही. दोष तुमच्या विंडोजचा नसतो.

दुसरा सल्ला, पासवर्ड काढून टाका, 'गेस्ट' चालू करा. विंडोज 11 प्रोची 24एच2 आवृत्ती बिनपासवर्डाच्या शेअरला मुळातच नकार देते आणि तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणाचं कारण सांगते. घरात कसली संस्था, असं वाटून लोक विंडोजची आतली सेटिंग, म्हणजे रजिस्ट्री, उघडतात. त्यापेक्षा यजमानावर पासवर्ड ठेवणं हे दोन मिनिटांचं काम आहे. गेस्ट चालू असलेल्या फोल्डरात घरात येणारा कुठलाही फोन, त्यातलं कुठलंही ॲप, काहीही घालू-पुसू शकतं.

त्याच हिशेबाने, बाहेरगावाहून फायली बघता याव्यात म्हणून राउटरवर 445 हा एसएमबीचा पोर्ट कधीही उघडू नका. मुलगी सिंगापूरला असेल आणि तिला घरचे फोटो हवे असतील तर यजमानावर आणि तिच्या यंत्रावर टेलस्केलसारखं खाजगी जाळं घाला. तिला मग घरात बसल्यासारखंच जोडता येतं आणि इंटरनेटला दार उघडं राहत नाही.

मराठी नावांच्या फायली

या विषयावर मराठीत फार कमी लिहिलं गेलंय, म्हणून जरा थांबतो. फाइलचं नाव देवनागरीत ठेवायला काहीच हरकत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची सामायिक संकेतपद्धत, जाणतात. अडचणी येतात त्या तीन ठिकाणी.

पहिली लांबीची. विंडोजवर फाइलच्या नावात 255 चिन्हं बसतात. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवर मर्यादा 255 बाइटची असते, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे नावात फक्त 85 चिन्हं. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'वास्तुशांतीच्या' हा शब्द घ्या: डोळ्यांना तो पाच-सहा अक्षरांचा वाटतो, पण आत पंधरा चिन्हं आहेत, म्हणजे 45 बाइट. असे सहा शब्द झाले की मर्यादा ओलांडली. विंडोजवर छान चाललेली 'आजोबांच्या पंच्याहत्तरीच्या कौटुंबिक कार्यक्रमातील नातेवाइकांच्या मनोगतांचे संपूर्ण ध्वनिमुद्रण' अशी फाइल यजमानावर जाताना अडकते, आणि संदेश असा काही येतो की कारण नावात आहे हे सुचतही नाही. नावं आटोपशीर ठेवा. तपशील फोल्डरच्या नावात जाऊ द्या.

दुसरी चिन्हांची. विसर्गासारखी दोन टिंबं, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरण, उभी रेघ, दोन्ही तिरक्या रेघा आणि लहान-मोठ्याची चिन्हं विंडोजला फाइलच्या नावात चालत नाहीत. मॅक किंवा लिनक्सवर 'सभा 7:30' किंवा 'हे कुणाचं?' असं नाव देता येतं, पण ती फाइल विंडोजवरून बघितली तर नावाच्या जागी अगम्य अक्षरं दिसतात. मॅकवर 'जमा/खर्च' असंही नाव देता येतं, तेही टाळा. वेळ टिंबाने लिहा, 'जमा-खर्च' संयोगचिन्हाने.

तिसरी अडचण 'ऱ'ची. 'दऱ्या', 'तऱ्हा', 'पुऱ्या' यांतला ऱ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: एकसंध चिन्ह म्हणून, किंवा र आणि खालचं टिंब (नुक्ता) असा सुटा. जुन्या मॅकची डिस्क नावं सुटी करून ठेवत असे. तिथून झिप करून आलेली 'सह्याद्रीच्या दऱ्या' ही फाइल डोळ्यांना तशीच दिसते, पण लिनक्सच्या लेखी तिचं नाव वेगळं असतं. शोधलं तर सापडत नाही, आणि एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली दिसू लागतात. एक-दोन असतील तर नाव पुसून हाताने पुन्हा टाइप करा. ढीग असेल तर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये कॉन्व्हएमव्ही नावाचं साधन आहे, ते सगळी नावं एकसंध करून देतं.

फाइल पोचते पण वाचता येत नाही, असंही होतं. श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र दुसऱ्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडतं, कारण मजकूर युनिकोडमध्ये नसतो आणि तो फॉन्ट तिथे नसतो. तो नेटवर्कचा दोष नाही. ज्या यंत्रावर ते नीट दिसतं तिथूनच पीडीएफ करून यजमानावर ठेवा, आणि पुढे बदल करायचे असतील तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. आयफोनचे एचईआयसी फोटोही जुन्या विंडोजवर असेच अडतात. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कॉम्पॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपीजीमध्ये निघतात.

वेग

यजमानाला वायफाय नको, केबलच हवी. पण केबल लावूनही वेग मिळत नसेल तर राउटरचा पोर्ट बघा. स्वस्त राउटरांचे पोर्ट 100 एमबीपीएसचे असतात, त्यातून सेकंदाला साधारण 11 ते 12 एमबी जातात. पन्नास जीबी फोटो न्यायला सव्वा तास. गिगाबिट पोर्टवर तेच काम, डिस्कने साथ दिली तर, आठेक मिनिटांत होतं. केबलही तपासा: गिगाबिटला आतल्या चारही जोड्या लागतात. दोनच जोड्या जोडलेली किंवा दाबून एखादी तार तुटलेली केबल मुकाट्याने 100वर उतरते. पहिल्यांदा सगळं यजमानावर चढवताना लॅपटॉपही केबलनेच जोडा.

अडलं तर या क्रमाने बघा

लॅपटॉपवरून यजमानाच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे टर्मिनलमध्ये किंवा विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ping आणि पुढे पत्ता लिहून एंटर दाबा. उत्तर येत नसेल तर प्रश्न नेटवर्कचा आहे: दोन नेटवर्कं, गेस्ट वायफाय किंवा झोपलेला यजमान. उत्तर येतं पण फोल्डर उघडत नाही, तर फायरवॉल किंवा सांबा. नाव-पासवर्ड पुन्हापुन्हा मागतो, तर सांबाचा पासवर्ड नोंदवलेला नाही, किंवा विंडोजने जुना चुकीचा पासवर्ड जपून ठेवलाय. क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून त्या पत्त्याची नोंद काढून टाका. फोल्डर उघडतो पण लिहिता येत नाही, तर परवानगी.

विंडोजवर 1219 क्रमांकाची चूक आली तर ती एका खास कारणाने येते. एकाच यजमानाशी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडायला विंडोज नकार देतं. आधीची जोडणी तोडा, लॉगआउट करून परत या, मग नव्या नावाने जोडा.

पुसलेली फाइल आणि दुसरी डिस्क

नेटवर्कच्या फोल्डरातून विंडोजवर फाइल डिलीट केली तर ती रीसायकल बिनमध्ये जात नाही. गेली ती गेलीच. घरातल्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी सांगा, लहान मुलांना तर नक्कीच. मुलांना फक्त बघण्यापुरतं द्यायचं असेल तर यजमानावर त्यांच्यासाठी वेगळं खातं करा आणि त्याला वाचण्यापुरतीच परवानगी ठेवा.

शेअर केलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. आता उलट सगळ्या घराचे फोटो एकाच डिस्कवर आले, ती गेली तर सगळंच जाईल. एक बाहेरची डिस्क आणा, महिन्यातून एकदा यजमानाला जोडा, पूर्ण फोल्डर तिच्यावर उतरवा आणि काम झालं की काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच ठेवलीत तर विजेचा झटका किंवा खंडणीखोर व्हायरस दोन्ही डिस्क एकदमच घेऊन जाईल. वर्षातून दोन-तीनदा ती डिस्क दुसऱ्याच यंत्रावर लावून चार जुने फोटो उघडून बघा, म्हणजे नक्कल खरोखर उतरलीये याची खात्री होते.